कुणाच्याच मापात न बसणारा चोर

१

कामाच्या खोलीतलं काचेचं कपाट सकाळी सताड उघडं दिसलं, आणि बटणबाईंनी अशी काही किंकाळी फोडली की शेजारच्या खोलीत व्यायाम घेणाऱ्या फिजिओच्या हातून एका आजोबांचा पाय सुटला.

बटणबाई म्हणजे ज्येष्ठांच्या या वसाहतीतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट. एवढा लांबलचक शब्द कवळीतून धड बाहेर पडत नाही, आणि बाई तर दिसेल त्याला एका हाताने बटण लावायला शिकवतात, म्हणून बटणबाई. कुणी ‘व्यायामवाल्या बाई’ म्हटलं की मात्र त्यांचं डोकं फिरतं. “व्यायाम शेजारी!” त्या ठणकावतात. “इथे आपलं काम आपण करायचं!” ज्याचा हात गेलाय त्याने एका हाताने टोस्ट कापायचा, जिची नजर गेलीय तिने न सांडता चहा ओतायचा, हे त्यांचं शास्त्र. त्या शास्त्राची सगळी हत्यारं या कपाटात असतात.

“गेलं, मावशी, गेलं!” बटणबाई कपाटात डोकं खुपसून ओरडल्या. “बटणाचा हुक गेला! डुलती सुरी गेली!”

मावशी म्हणजे या खोलीची आणि आजी-आजोबांच्या खोल्यांची झाडलोट करणाऱ्या, कपाटाची एकुलती एक चावी ॲप्रनच्या खिशात बाळगणाऱ्या बाई. त्या दारात केरसुणी धरून उभ्या होत्या.

आरडाओरडा ऐकून व्यवस्थापक साहेब धावत आले. माणूस वाईट नव्हता, पण नियम म्हणजे नियम असं दिवसातून चारदा म्हणायचा. “काय काय गेलं? थांबा, मी नीट बघतो. माझा चष्मा कुठे गेला? मावशी, माझा चष्मा…”

“डोक्यावर आहे, साहेब.”

साहेबांनी चष्मा नाकावर आणला. बटणबाईंनी सांगायला सुरुवात केली. एका हाताने बटण ओढून काढायचा तारेचा हुक. एका हाताने मागे-पुढे डुलवून भाजी कापायची अर्धगोल सुरी. ताटली सरकू नये म्हणून खाली घालायची रबरी चटई. गॅसच्या बटणांवर चिकटवायच्या उठावदार ठिपक्यांचं खोकं, नजर गेलेल्यांना बोटांनी कळावं म्हणून. आणि पिपाणी.

“पिपाणी?”

“कपाच्या काठावर अडकवायची. दोन तारा आत लोंबतात. चहा तारांना लागला की ती पीं करून बोंबलते. ज्याला दिसत नाही त्याला कळतं की आता ओतणं बास.”

“असल्या वस्तू चोरून चोर करणार काय?” साहेब वैतागले. मग त्यांची नजर मावशींच्या खिशाकडे गेली. “कपाट फोडलेलं नाही. चावीने उघडलंय. आणि चावी एकीकडेच असते.”

मावशींनी केरसुणी भिंतीला टेकवली.

“चोरी मी केली नाही, साहेब,” मावशी म्हणाल्या. “आणि कोणी केली ते मला विचारू नका.”

“मग नियम म्हणजे नियम. संध्याकाळच्या चहापर्यंत उलगडा झाला तर ठीक. नाही तर उद्यापासून तुम्ही येऊ नका.”

२

मावशींनी चोरी केली असेल तर मी माझं नाक कापून देईन, असं बटणबाई मनाशी म्हणाल्या. पण नाक कापून देऊन मावशींची नोकरी वाचणार नव्हती. चोर हवा होता, आणि चहाच्या आत हवा होता.

खरं सांगायचं तर बाईंच्या अंगावर नुसते रोमांच उभे राहिले होते. मावशी बिचाऱ्या संकटात, आणि आपल्याला कसली मजा वाटतेय, म्हणून त्यांना स्वतःची लाजही वाटली. पण करणार काय? आयुष्यभर त्यांनी माणसाकडे बघून त्याला कोणती वस्तू लागेल ते ओळखलं होतं. आज उलटं करायचं होतं. वस्तूंवरून माणूस ओळखायचा होता!

“हुक, सुरी, चटई,” त्या खोलीत येरझाऱ्या घालत पुटपुटल्या. “म्हणजे चोराचा एक हात कामातून गेलाय. ठिपके, पिपाणी. म्हणजे नजरही गेलीय. आणि हे कुणाला कळू द्यायचं नाहीये. का? कारण पुढच्या आठवड्यात तपासणी आहे!”

तपासणीची गोष्ट अशी. वसाहतीच्या दोन इमारती. पुढच्या इमारतीत आपलं आपण करणारी मंडळी. आपली खोली, आपली शेगडी, आपल्या दाराला आतून आपली कडी. मागच्या इमारतीत ज्यांना मदत लागते ते. तिथे सेवा उत्तम, पण दाराला आतून कडी नाही. वर्षातून एकदा बटणबाई पुढच्या मंडळींना कपडे घालून दाखवायला आणि चहा करून दाखवायला सांगत. नाही जमलं की सामान मागे.

“मावशी, काल दुपारपासून इथे कोण कोण आलं होतं?”

“घड्याळकाका आले होते. हेडबाई शेजारी वाचत बसल्या होत्या.” मावशी जरा थांबल्या. “त्या दोघी जावा येऊन भांडून गेल्या. त्यांचं काय घेऊन बसलात! मी कंटाळून बाहेर गेले.”

आणि बोलाफुलाला गाठ पडावी तशा त्या दोघी नेमक्या व्हरांड्यातून येत होत्या. दोन सख्ख्या भावांच्या विधवा, समोरासमोरच्या खोल्यांत राहणाऱ्या, आणि अख्ख्या वसाहतीला त्यांच्या भांडणाचा भोंगा पाठ. धाकट्या आजी डावा हात स्वेटरच्या खिशात घालून ऐटीत पुढे. थोरल्या आजींनी पोलिसाने चोर धरावा तसा त्यांचा खांदा पकडलेला.

“पायरी आहे, जाऊबाई! डोळे कपाळाला लावून चालू नका. पडाल, आणि माझ्या नावाने बोंबलाल!”

“तू माझ्यापुढे उंटासारखी चालतेस म्हणून!” थोरल्या आजी पायरी उतरून थांबल्या. धाकटीचा स्वेटर त्यांनी खसकन ओढला आणि गळ्याचं बटण लावून टाकलं. “बेंगरूळ कुठली! तुझी बटणं काय जन्मभर मी लावू?”

“कोण सांगतंय लावायला?”

कलकलाट वळणापलीकडे गेला. बटणबाईंनी कपाळाला हात लावला आणि घड्याळकाकांच्या खोलीकडे धूम ठोकली. एक हात निकामी, नजर अधू. असा माणूस पुढच्या इमारतीत होता कोण?

३

घड्याळकाकांनी उभ्या आयुष्यात घड्याळं दुरुस्त केली, आणि म्हातारपणी दोन्ही हातांना कंप सुटला. बाईंनी दार वाजवलं तेव्हा आतून काहीतरी धपकन ड्रॉवरमध्ये पडल्याचा आवाज आला.

“काका, काय लपवलंत?”

“मी? छे! काही नाही!”

“काका, मी रोज तुमचे हात बघते. तुम्ही खोटं बोललात की अंगठा जास्त उडतो.”

काकांनी अंगठा मुठीत कोंबला. मग हताश होऊन ड्रॉवर उघडला. आत बारीक पेचकस आणि कामाच्या खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाचा एक जुनं दात्यांचं चाक.

“तुमचं ते घड्याळ वर्षभर मागे पडतंय,” काका चोरट्या आवाजात म्हणाले. “मला बघवत नव्हतं. काल सगळे चहाला गेले तेव्हा उतरवलं, चाक बदललं, परत लावलं. पूर्वी हे काम चहा गार व्हायच्या आत केलं असतं. काल घामाघूम झालो. पण केलं!”

बाईंना एवढा आनंद झाला की त्या चोरी विसरून काकांना मिठीच मारणार होत्या. कंप असलेल्या हातांनी घड्याळ! मग भानावर आल्या. काकांचे दोन्ही हात थरथरत होते, पण दोन्ही चालत होते. आणि डोळे तर घारीचे. हा चोर नव्हे.

“तुम्ही निघालात तेव्हा कपाट बंद होतं?”

“बंद होतं. काचेत मी माझा भांग नीट केला ना!” काका म्हणाले. “पण बाई, एक सांगू? मावशींची चावी बघून मला नवल वाटलं.”

“का?”

“ती खिळ्यावर लटकत होती. दाराजवळच्या खिळ्यावर. कुणीही घ्यावी अशी.”

४

म्हणजे चावी कुणालाही मिळू शकत होती! मावशी सुटल्या, असं बाईंना वाटलं, आणि त्या उड्या मारत वाचनालयात गेल्या. तिथे हेडबाई बसल्या होत्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन जमाना झाला, तरी समोर उभं राहिलं की माणूस आपोआप नखं तपासतो.

“उभ्या का? बसा. आणि धापा टाकू नका,” हेडबाई म्हणाल्या. “चोरीबद्दल विचारायला आलात. विचारा.”

“काल चहानंतर तुम्ही इथेच होतात? भिंतीपलीकडे काही ऐकलंत?”

“ऐकायचं नव्हतं, पण ऐकावं लागलं. त्या दोघी जावा. ‘एकदम, एकदम’ काय, ‘त्याच्या मागचं’ काय, ‘डोळे आहेत की गोट्या’ काय! सुशिक्षित घरातल्या बायका, आणि ही भाषा! मी भिंतीवर काठी आपटली. आणि त्या गदारोळातही तुमच्या कपाटाचे खटके मला ऐकू आले. टक्! दोन्ही एकाच वेळी.”

बटणबाई ताडकन उभ्या राहिल्या. “एकाच वेळी? नक्की?”

“शाळेत मागच्या बाकावर कोण चॉकलेटचा कागद उलगडतंय ते मला फळ्याकडे तोंड करून कळायचं. नक्की.”

बाई पळत कपाटाशी आल्या. दाराला एक खटका वर, एक खाली. कात्र्या-सुऱ्या भलत्याच्या हाती लागू नयेत म्हणून त्यांनीच हट्टाने ही सोय करून घेतलेली. चावी फिरवल्यावर दोन्ही खटके एकदम दाबले तरच दार उघडतं. एका हाताच्या माणसाला ते उघडणं शक्यच नाही!

त्यांनी आत बघितलं. खोकी सगळी एकसारखी पांढरी, कडेला मुंगीएवढ्या अक्षरांत आत काय आहे ते लिहिलेलं. ठिपक्यांचं खोकं दुसऱ्या रांगेत होतं. नेमकं तेवढंच काढलेलं, आजूबाजूचं एकही खोकं उघडून पाहिलेलं नाही. नजर अधू असलेल्या माणसाला ते अक्षर वाचणं शक्यच नाही!

“बाप रे,” बाई मटकन स्टुलावर बसल्या. एका हाताची हत्यारं चोरणाऱ्याला दोन धडधाकट हात. आंधळ्याची पिपाणी चोरणाऱ्याला तल्लख डोळे. हा चोर कुणाच्याच मापात बसेना.

“एका माणसाच्या मापात बसतो,” पाठीमागून आवाज आला. व्यवस्थापक साहेब दारात उभे होते. बाई सगळं मोठ्याने बोलत होत्या, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. “दोन हात चांगले. नजर चांगली. वस्तू दुसऱ्यांसाठी नेल्या. आणि चावी? ज्या बाईंनी आजवर कधी खिशाबाहेर काढली नाही, त्यांनी नेमकी कालच ती खिळ्यावर ठेवली? बाई, तुम्हीच सिद्ध केलंत. मावशींनीच चोरी केली.”

५

चहाला आता फार वेळ नव्हता. कामाच्या खोलीतलं घड्याळ आज पहिल्यांदाच बरोबर चालत होतं, आणि तेवढ्यासाठी बाईंना घड्याळकाकांचा रागही आला. बाहेरच्या बाकावर मावशी बसल्या होत्या. ॲप्रन घडी करून मांडीवर ठेवला होता. त्यांचा घरचा सगळा गाडा त्या एकट्या ओढत, हे बाईंना ठाऊक होतं.

‘कुठे चुकले मी?’ बाई खिडकीशी येऊन डोकं खाजवू लागल्या. ‘हात एक, नजर अधू. हात दोन, नजर चांगली.’ त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.

खाली अंगणात जावांचा कलकलाट चालू होता.

“डावीकडे कुंडी आहे, आपटाल! नाहीतरी तुम्हाला कुंड्यांचं वैरच!”

“कळतंय मला. आण ती पिशवी इकडे, तुला एक पिशवी धड धरता येत नाही!”

“पायरी! एक! अजून एक! झाल्या, उगाच पाय उचलून नाचू नका!”

बाईंनी डोळे मिटलेलेच ठेवले. दोघींचे फणकारे दिसत नव्हते, नुसते शब्द ऐकू येत होते. आणि तोंडं दिसेनाशी झाल्यावर ते भांडण भांडणासारखं वाटेनाच! एखाद्याला हात धरून रस्ता दाखवावा, तसं ते होतं. कुंडी डावीकडे. पायरी. अजून एक. संपल्या.

बाईंनी खाडकन डोळे उघडले. धाकट्या आजींचा डावा हात खिशात. आत्ताही खिशात. सकाळीही खिशातच होता. दोघींमधली एकुलती एक पिशवी थोरल्या आजींच्या हातात.

‘एकदम, एकदम!’ ‘त्याच्या मागचं!’ ‘डोळे आहेत की गोट्या!’

“अगं बाई गं!” बटणबाई एवढ्या जोरात ओरडल्या की फिजिओच्या हातून आज दुसऱ्यांदा पाय सुटला. एक! एक माणूस शोधत बसले मी! आपलं काम आपण करायचं, आपलं काम आपण करायचं, हे घोकून घोकून डोक्यात एकच माणूस बसलाय. ज्याला हात आहेत त्याला डोळे असलेच पाहिजेत, असं कुणी सांगितलं?

जिना उतरताना त्यांची एक चप्पल निसटली. ती उचलायला त्या थांबल्या नाहीत.

६

दार थोरल्या आजींनी उघडलं. “कोण गं?”

“बटणबाई आहेत,” आतून धाकट्या आजी झटक्यात म्हणाल्या. “एका पायात चप्पल नाही. काय गं, वेड लागलं का?”

“चहा प्यायला आले,” बाई आत घुसत म्हणाल्या.

 धाकट्या आजी मोरीकडे सरकल्या आणि पाठ टेकून उभ्या राहिल्या. “चहाची पावडर संपली.”

“डबा भरलेला आहे,” थोरल्या आजी म्हणाल्या. धाकटीने डोळे वटारले, पण ते वटारलेले डोळे पोचायला पाहिजेत ना!

आणि तेवढ्यात मोरीतून आवाज आला. पीं.

“चिमणी,” धाकट्या आजी म्हणाल्या.

पीं. पीं. पीं.

“खिडकीत बसते मेली. रोज येते.”

पीं-पीं-पीं-पीं! ओल्या फडक्यात घाईघाईने गुंडाळलेली पिपाणी जीव खाऊन बोंबलू लागली. थोरल्या आजींना हसू आवरेना. त्या आधी नाकातून हसल्या, मग पोट धरून हसल्या. धाकट्या म्हणाल्या, “हसा! तुमच्यामुळेच! कोरड्या जागी ठेवा म्हटलं होतं!” आणि त्याही हसायला लागल्या. बटणबाई तर डोळे पुसत खुर्चीत कोसळल्या. पिपाणी कोरडी करून गप्प बसवेपर्यंत तिघींची हसून पुरेवाट झाली.

मग थोरल्या आजींनी सांगितलं. “मला मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. तू बसलीस तिथे तुझा खांदा आहे, पण तोंड असायला पाहिजे तिथे नुसतं धुकं.”

“आणि हा,” धाकट्या आजींनी उजव्या हाताने डावा हात खिशातून उचलून टेबलावर ठेवला, “उन्हाळ्यातल्या एका सकाळी झोपून उठले, तर हा काही उठला नाही.”

“आणि डॉक्टरकडे गेला नाहीत?” बाई जवळजवळ किंचाळल्या. “अहो, अशा हातामागे काय काय असू शकतं!”

“गेले असते तर तुला कळलं असतं. तुला कळलं की सामान मागे. हातवाले खालच्या मजल्यावर, डोळेवाले वरच्या.” धाकट्या आजींचा आवाज जरासा चिरकला. “एवढी वर्षं एका छपराखाली भांडलो. आता काय जिन्यातून ओरडू?”

“घड्याळकाका निघून गेल्यावर कपाटाचे खटके मी दाबले,” थोरल्या आजी म्हणाल्या. “कुठले ते हिने सांगितलं. खोकं हिने वाचलं, मी काढलं. आज सकाळी त्या पिपाणीवरच चहा केला. एक थेंब सांडला नाही, विचार हिला.”

बटणबाईंना आता बोलणं जिवावर आलं. पण न बोलून चालणार नव्हतं. “आजी, चोरी मावशींच्या माथी आलीय. आज चहाच्या आत उलगडा झाला नाही तर त्यांची नोकरी जाणार आहे.”

 दोन्ही जावा एकमेकींकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि कुणीच कुणाला एक शब्द बोललं नाही.

मग धाकट्या आजी म्हणाल्या, “जाऊबाई, माझ्या स्वेटरची बटणं लावा. साहेबांकडे नीटनेटकं जायला हवं.”

७

व्यवस्थापकांच्या खोलीत मावशी टेबलासमोर उभ्या होत्या, आणि टेबलावर घडी केलेला ॲप्रन होता. दार न वाजवता तिघी आत घुसल्या.

“उंबरठा!” धाकट्या आजी गरजल्या.

“माहीत आहे!” थोरल्या आजींनी पाय उचलला आणि सरळ टेबलावर सुरी, चटई, हुक, खोकं आणि पिपाणी मांडली. “घ्या. चोर आम्ही. या बाईला सोडा.”

साहेबांनी तोंड उघडलं ते बराच वेळ मिटलं नाही. बटणबाईंनी सगळं भडाभडा सांगून टाकलं. चोर कुणाच्याच मापात का बसत नव्हता, हात कुणाचे, डोळे कुणाचे, आणि आपण स्वतः कसं एकच माणूस शोधत बसलो.

“पण यांना आपलं आपण करता येत नाही,” साहेब म्हणाले. “नियम म्हणजे…”

“साहेब, तुम्हाला चहा हवाय?”

कोपऱ्यात साहेबांची छोटी विजेची किटली होती. “बटण खालून उजवीकडे, आंधळ्या झालात का!” “मी झालेच आहे, तुझं काय!” “कप पुढे आहे, कोपर सांभाळा!” थोरल्या आजींनी ओतलं, धाकट्यांनी “बास!” म्हटलं, पिपाणीला पीं करायची संधीच मिळाली नाही. कप साहेबांपुढे आला. बशीत एक थेंब नव्हता.

साहेबांनी घोट घेतला. “उद्या यांच्यातली एक आजारी पडली तर?”

प्रश्न खरा होता, आणि बटणबाईंनी तो टोलवला नाही. “तर दुसरीलाही मदत लागेल, आणि ती द्यायला मी आहे. आधी दोघींना डॉक्टरकडे नेणार, आजच. मग तपासणी त्यांच्या खोलीत, त्यांच्या शेगडीपाशी घेईन. पण दोघींची मिळून एकच. आजवर मी ती एकेकट्याची घेत आले, ते माझंच चुकत होतं.”

साहेबांनी कप रिकामा केला. मग एकदम त्यांच्या कपाळावर आठी पडली. “एक राहिलंच. चावी. ती तुम्हाला मिळाली कशी?”

“खिळ्यावर होती,” दोन्ही आजी म्हणाल्या.

“मावशी चावी खिळ्यावर कधीच ठेवत नाहीत.”

सगळ्यांचे डोळे मावशींकडे वळले. थोरल्या आजींनी मान जराशी तिरकी केली, कडेच्या नजरेत मावशी याव्यात म्हणून. बटणबाईंच्या कानात सकाळचं वाक्य वाजलं. कोणी केली ते मला विचारू नका.

“मावशी,” त्या हळूच म्हणाल्या, “तुम्हाला माहीत होतं.”

मावशींनी खाली बघितलं. “रोज त्यांची खोली झाडते मी, ताई. उन्हाळ्यापासून बघतेय. धाकट्या आजी एका हाताने बटणाशी झगडून रडायच्या, आणि मी आले की भांडायला लागायच्या. काल चहाआधी त्या दोघी कपाटाभोवती घिरट्या घालत होत्या. मी चावी खिळ्याला लावली आणि बाहेर गेले.”

“आणि सकाळी बोलला का नाहीत? नोकरी गेली असती तुमची!” बटणबाई म्हणाल्या.

“मला दुसरीकडे काम मिळालं असतं. कसं तरी मिळालं असतं. त्या दोघींना असं भांडायला दुसरीकडे कुठे मिळालं असतं?”

धाकट्या आजींनी उजव्या हाताने तोंड झाकलं. थोरल्या आजी अंदाजाने पुढे झाल्या, टेबलाला अडखळल्या, आणि पहिल्यांदाच धाकटीने त्यांना वाट सांगितली नाही, कारण तिला बोलताच येत नव्हतं. मावशींनीच पुढे होऊन त्यांचा हात धरला.

साहेबांनी घसा खाकरला. कपाटाची चावी मुद्दाम सोडून जाणं, हा नियमाने केवढा गुन्हा होता ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.  साहेबांनी टेबल चाचपलं, ड्रॉवर उघडला, खिसे तपासले.

“नियम काय म्हणतो ते बघतो. माझा चष्मा… मावशी, माझा चष्मा कुठे…”

“डोक्यावर आहे, साहेब,” मावशी रडता रडता म्हणाल्या.

साहेबांचा हात डोक्यावर गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी मावशींकडे बघितलं, रिकाम्या कपाकडे बघितलं. मग चष्मा नाकावर न आणता त्यांनी ॲप्रनची घडी उचलली आणि मावशींपुढे धरली.

“चावी खिळ्यावर विसरली,” ते म्हणाले. “होतं असं. उद्या वेळेवर या. आणि या दोघींना सांगा, पुढच्या वेळी किटलीत पाणी जरा कमी घाला.”

“कमी घाला म्हणे!” दारातून धाकट्या आजींना एकदम कंठ फुटला. “जाऊबाई, तरी मी सांगत होते!”

“तू सांगितलंस? तू तर आणखी ओत म्हणालीस!”

“उंबरठा!”

“दिसतंय मला!” थोरल्या आजी ओरडल्या, आणि धाकटीचा खांदा धरून नीट उंबरठ्यावरून पलीकडे गेल्या.